पहिला ठोका कोणाचा
१९७४ साली चंदीगडच्या एका प्राथमिक शाळेने असा निर्णय घेतला की, वार्षिक समारंभात पहिलीच्या वीस मुलांनी हातात पांढरी काडी घेऊन बँडला ताल दाखवावा. धून तीन ठोक्यांची होती. काम माझ्या पत्नीकडे, विनयाकडे आले. ती तिथे हंगामी संगीतशिक्षिका होती आणि समारंभ नीट पार पडल्यास तिला कायम करण्याचे प्रिन्सिपलसाहेबांनी कबूल केले होते.

शिकवणे अवघड नव्हते. एकला हात खाली, दोनला बाहेर, तीनला वर. पहिला ठोका जोरकस, पुढचे दोन हलके. आमची लीना त्याच वर्गात. आठवडाभरात ती जेवतानासुद्धा खाली-बाहेर-वर करू लागली.

घोळ पाहुण्यांपायी झाला. हे शहर दोन राज्यांची राजधानी आणि स्वतः केंद्राच्या ताब्यात. त्यामुळे प्रमुख पाहुणे तीन. तालमीला तिघांचे प्रतिनिधी हजर.

"बीट तीन, साहब भी तीन," पहिले म्हणाले. "कार्ड में हमारे साहब का नाम पहला, और पहली ही बीट पे हाथ नीचे?"

"और ज़ोर सिर्फ़ पहली पे क्यों?" दुसरे उसळले. "हम क्या हल्के हैं?"

तिसरे खुशीत मान डोलवत होते. त्यांच्या ठोक्याला हात वर जात होता.

"सर, म्यूज़िक ही ऐसा है," विनया काकुळतीने म्हणाली.

"म्यूज़िक तो शाम को ख़त्म हो जाएगा, मॅडमजी," प्रिन्सिपलसाहेब म्हणाले. "साहब लोग यहीं रहेंगे."

समिती नेमली गेली. पहिल्या बैठकीत तिन्ही ठोके समान जोराचे झाले. दुसरीत हात वर-खाली नेण्यास मनाई झाली. तिसरीत आळीपाळी ठरली: एक-दोन-तीन, दोन-तीन-एक, तीन-एक-दोन. तरी सुरुवात कोणापासून, हा प्रश्न उरलाच; म्हणून सर्वांआधी एक तटस्थ ठोका घालण्यात आला. तीन ठोक्यांच्या तालात चार ठोके असल्याची इतिवृत्तात रीतसर नोंद झाली.

"अगं, मग बँड वाजणार कसा?" मी घरी विचारले.

"लग्नाचा बँड आहे हो, सेक्टर बावीसमधला. मास्टर म्हणाला, मॅडमजी, फिकर नॉट, बच्चों की तरफ़ हम देखेंगे ही नहीं."

समारंभ थाटात झाला. बँड आपल्या मनाने तीन ठोक्यांत वाजत होता, एकोणीस मुले समितीच्या मनाने काड्या हलवत होती. एकटी लीना, पहिल्या रांगेत, खाली-बाहेर-वर. बँडशी फक्त तिचाच हात जुळत होता. माझा ऊर भरून आला आणि लगेच विनयाची नोकरी आठवली.

"वो बच्ची गड़बड़ क्यों कर रही है?" पहिल्या साहेबांनी विचारले.

"छोटी है, सर. सीख जाएगी," प्रिन्सिपलसाहेब म्हणाले.

विनया कायम झाली. सोबत शेरा आला: मुलीत समन्वयाचा अभाव, पालकांनी लक्ष घालावे. मी घातले.

"बाळ, सगळे करतात तसंच करायचं."

"पर बाबा, बाजा तो मेरे साथ बज रहा था!"

"बाज्याकडे नाही बघायचं. बाकीच्यांकडे बघायचं."

बिचारी शिकली. त्यानंतर जेवताना तिचा हात फक्त ताटाकडे जाऊ लागला. मला अजून त्याची लाज वाटते.

तुम्ही मला हसत असाल. खुशाल हसा. मात्र आधी शेजारचा हसतोय का, तेवढं बघून घेतलंत ना?