हुआनसाहेबांची हजेरी

तोआनने लाल पाकीट अंगणातल्या टेबलावर ठेवलं ते फक्त फोन घेण्यापुरतं. फोन सिंगापूरहून पेहबाईंचा होता, आणि त्या बोलत असताना मध्येच ‘एक मिनिट’ म्हणायची सोय नव्हती. तोआन सायगावातल्या ज्या गुंतवणूक कंपनीत नोकरीला होता, तिचा कारभार पेहबाई तिकडे बसून पाहत. कंपनीचं काम सोपं होतं. पैसेवाल्यांचे पैसे गोळा करायचे, चालत्या कारखान्यात हिस्सा घ्यायचा, तो कारखाना वाढवायचा आणि पाच-सहा वर्षांनी हिस्सा विकून बाहेर पडायचं. यंदा फान थिएतचा एक नुओक मामचा कारखाना त्यांना पसंत पडला होता. लाकडी पिंपांत मासळी आणि मीठ वर्षभर मुरवून तिचा तांबूस अर्क काढणारा, जुन्या पद्धतीचा. महिनाअखेरीच्या आत सह्या व्हायलाच हव्यात, असं पेहबाई चौथ्यांदा बजावत होत्या. तोआन भिंतीकडे तोंड करून हो-हो म्हणत होता. फोन संपवून तो वळला तेव्हा टेबल रिकामं होतं.

चांद्रवर्षाचा सातवा महिना होता. गेलेली माणसं या महिन्यात घरी येऊन जातात, म्हणून कारखान्याच्या अंगणात त्यांच्यासाठी कागदी कपडे, कागदी चपला, कागदी नोटा जाळायचं काम सुरू होतं. ते काम थोयकाकांकडे होतं. पिंपांवर तीस वर्षं देखरेख केलेला हा म्हातारा धुराने डोळे मिटून घेऊन हाताला येईल ते शेगडीत टाकत होता. तोआन धावत पोचला, तेव्हा पेहबाईंनी सही केलेल्या कराराच्या दोन्ही प्रतींची शेवटची पानं कडेने आत वळत होती.

“लाल होतं,” थोयकाका डोळे पुसत म्हणाले. “लाल म्हणजे मालकांचंच असणार.”

मालक म्हणजे हुआनसाहेब. कारखाना त्यांनी उभा केला आणि अकरा वर्षांपूर्वी ते वारले. तेव्हापासून कारभार त्यांची बायको शुयेन पाहत होती. तोआन तिला मावशी म्हणे. साठीची, बुटकी, आवाज न चढवता माणसाला गप्प बसवणारी बाई. तोआनने तिची माफी मागितली, दोन दिवसांत सिंगापूरहून नव्या प्रती येतील म्हणून सांगितलं. मावशी राखेकडे बघत राहिली.

“नव्या कशाला? पोचला करार त्यांना,” ती म्हणाली. “आता त्यांनी वाचल्याशिवाय मी सही कशी करू?”

तोआनला वाटलं, मावशी भाव वाढवून मागायच्या तयारीत आहे. त्याने समजुतीच्या चार गोष्टी सांगितल्या. मावशीने त्या ऐकून घेतल्या आणि थोयकाकांना देव्हाऱ्यावरची बशी आणायला पाठवलं. बशीत दोन जुनी नाणी होती. एक छापा आणि एक काटा पडला की होकार, दोन्ही काटे पडले की नकार. दोन्ही छापे पडले, तर गेलेला माणूस हसतोय असं समजायचं. हे तोआनलाही ठाऊक होतं. त्याची आई घर बदलताना असंच विचारायची. पण चौसष्ट पानांचा आणि एकतीस कलमांचा करार कुणी असा विचारल्याचं त्याने ऐकलं नव्हतं.

शेवटी तो लॅपटॉप उघडून बसला. भर दुपार होती. उघड्या दारातून पिंपांची रांग दिसत होती आणि आतल्या अंधारातून अर्क ठिबकल्याचा आवाज येत होता. मजकूर वाचून दाखवायचं तोआनच्या जिवावर आलं होतं, म्हणून तो नुसता आकडा सांगे. कलम एक. थोयकाका नाणी बशीत टाकत. एक छापा, एक काटा. कलम दोन. एक छापा, एक काटा. पाचव्या कलमापर्यंत तोआनला हायसं वाटलं. दहाव्याला त्याने मनातल्या मनात गणित मांडलं, की असं लागोपाठ पडण्याची शक्यता किती, आणि बाराव्याला ते अर्धवट सोडून दिलं. सोळाव्यालाही होकारच आला.

कलम सतराला दोन्ही छापे पडले.

“हसतायत,” थोयकाका म्हणाले.

पुन्हा टाकली. पुन्हा दोन छापे. तिसऱ्यांदा एक नाणं बशीच्या कडेवर उभं राहिलं, स्वतःभोवती बराच वेळ फिरलं आणि छापा वर करून पडलं. पिंपांचं ठिबकणं मधे कधीतरी थांबलं होतं.

“काय आहे रे त्यात?” मावशीने विचारलं.

तोआनने ते पान काढलं. कलम साधंच होतं, प्रत्येक करारात असतं तसं. ज्याच्या हाताला चव आहे त्या माणसाने कारखाना सोडून जाऊ नये, म्हणून पैसे घालणारे त्याचं नाव घालून त्याला बांधून ठेवतात. तोआनने ते नाव कारखान्याच्या सरकारी नोंदणीवरून जसंच्या तसं उतरवलं होतं. आणि मावशीने नवऱ्याचं नाव नोंदणीतून अकरा वर्षांत काढलेलंच नव्हतं. त्याने पान पुढे सरकवायला बोट उचललं. पण मावशी वाट बघत होती, म्हणून त्याने वाचलं:

“‘अध्यक्ष श्री. हुआन हे कराराच्या तारखेपासून पाच वर्षं, कामाच्या दर दिवशी, कारखान्यात स्वतः हजर राहतील आणि मालाच्या दर्जावर जातीने लक्ष ठेवतील.’”

मग मावशीने ते परत वाचायला सांगितलं. तिने तो करार न्हा चांगच्या भाच्याकडून तपासून घेतला होता आणि भाच्याने सगळं ठीक आहे म्हणून कळवलं होतं. थोयकाकांना तर अक्षरओळखही नव्हती. म्हणजे या घरात कलम सतरामध्ये काय आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ही गोष्ट तोआनच्या हळूहळू लक्षात आली आणि त्याने आपली खुर्ची दाराच्या बाजूला थोडी सरकवली.

“चूक माझी आहे, मावशी. मी हे कलम काढून टाकतो. तुमचं नाव घालतो.”

“काढायला कुणी सांगितलं?” मावशी म्हणाली. तिने थोयकाकांच्या हातातली नाणी घेतली. “जिवंत होते तेव्हा महिन्यातले दहा दिवस होडीवर आणि दहा दिवस पत्त्यांच्या अड्ड्यावर. कारखाना मी बघायचा, नाव यांचं व्हायचं. आता कायद्याने हजेरी लावायची वेळ आली तर हसतायत.”

यानंतर तासभर जे चाललं, तसला सौदा तोआनने आजवरच्या नोकरीत पाहिला नव्हता. मावशी एकेक अट ठेवी आणि नाणी टाकी. पाच वर्षं पूर्ण वेळ? नकार. तीन वर्षं? हसू. तीन वर्षं आणि पगार? आणखी हसू. मावशी चिडली, उठून पाणी पिऊन आली, पुन्हा बसली. शेवटी ती खालच्या आवाजात म्हणाली, की पौर्णिमेला चांदण्यात मासळी लागत नाही, होड्या किनाऱ्यावर असतात, त्या दिवसांची सुट्टी घ्या, पण बाकीचे दिवस यायचं. पाच वर्षं. नाणी बशीत पडली. एक छापा, एक काटा.

“लिही,” मावशी म्हणाली आणि पदर नसलेल्या खांद्यावर उगीच हात फिरवला, जणू काहीतरी नीट करायचं होतं.

तोआनने पेहबाईंना फोन केला. खरं काय ते सांगून टाकायचं, असं त्याने ठरवलं होतं. त्याने सुरुवात केली, की कलम सतरामध्ये एक अडचण आहे, अध्यक्षांना पौर्णिमेच्या सुट्ट्या हव्या आहेत.

“एवढंच ना?” पेहबाई म्हणाल्या. “देऊन टाक. पाच वर्षं तयार आहेत ना ते?”

“तयार आहेत, पण त्यांचं असं आहे, की ते—”

“तोआन, महिनाअखेर.” फोन बंद झाला.

नव्या प्रती आल्या, मावशीने सह्या केल्या, पैसे आले. तोआनने ठरवलं, खरं काय ते पुढच्या भेटीत सांगू. पुढच्या भेटीत सांगणं आणखी अवघड झालेलं होतं.

कारण तिसऱ्या महिन्यात थोयकाकांनी सायगावला फोन केला. रोज सकाळी कुलूप काढलं, की चव घ्यायची लांब पळी ओली सापडते, असं ते म्हणाले. आधी त्यांना कामगारांचा खोडसाळपणा वाटला. मग एके दिवशी चौदा नंबरच्या पिंपाचं झाकण उलटं ठेवलेलं दिसलं. त्यांनी ते सरळ केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा उलटं. उघडून बघितलं तर आतला माल बिघडायच्या बेतात होता, अजून वास आलेला नव्हता, पण जिभेला कळत होतं. त्यानंतर ज्या ज्या पिंपाचं झाकण उलटं सापडलं, त्यातला माल खराबच निघाला. फक्त पौर्णिमेच्या आगेमागे पळी कोरडी असे आणि झाकणं जिथल्या तिथे.

तोआन स्वतः बघून आला. पिंपांच्या खोलीत तो अर्धा तास एकटा उभा राहिला. काही दिसलं नाही. फक्त निघताना त्याला वाटलं, की आपण कुणाच्या तरी कामाच्या मध्ये उभे होतो आणि तो माणूस सभ्यपणे आपल्या जाण्याची वाट बघत होता.

वर्षभरात कारखान्यातून एक बाटली परत आली नाही. जपानातल्या एका व्यापाऱ्याने तर लागोपाठ तीन मागण्या नोंदवल्या. पेहबाई भलत्याच खूश होत्या. गुंतवणूकदारांच्या बैठकीत त्यांनी हुआनसाहेबांचं नाव घेतलं, असा दर्जा सांभाळणारा माणूस सबंध किनारपट्टीवर नाही म्हणाल्या. त्यांना सिंगापूरला बोलाव, असा तोआनला निरोप आला. तोआनने कळवलं, की ते प्रवास करत नाहीत. मग व्हिडिओवर? तेही त्यांना आवडत नाही. फोटो? फोटो आहे, पण जुना आहे.

“मला असेच लोक आवडतात,” पेहबाई म्हणाल्या. “बोलायचं नाही, मिरवायचं नाही, रोज कामावर. बाकीच्यांनी त्यांच्याच भरवशावर आणखी पैसे घातलेत, हे लक्षात ठेव. हा माणूस हलता कामा नये.”

त्याच आठवड्यात मावशीने तोआनला बोलावून घेतलं. तो पोचला तेव्हा ती स्वयंपाकघरात मासे साफ करत होती. ती वाळली होती आणि तिचे केस नव्याने कापलेले होते.

“हे बघ,” ती सुरी न थांबवता म्हणाली, “त्यांना मोकळं करायचा कागद तयार कर.”

तोआनने जपून विचारलं, की कारखान्यात काही त्रास आहे का. कारखान्यात काही नाही, मावशी म्हणाली. कारखान्यात ते सोन्यासारखं काम करतात. पण कारखाना सुटल्यावर माणूस जातो कुठे? घरी येतो. अकरा वर्षं ती एकटी राहिली होती आणि तिला ते जमून गेलं होतं. दुपारी तीन मैत्रिणी पत्ते खेळायला यायच्या. आता पत्ते वाटले की तिचे आपोआप उलटे होऊन सगळ्यांना दिसतात. मैत्रिणींनी यायचं सोडलं. रश्शात मीठ कमी पडलं तर वाटी टेबलाच्या कडेला सरकून राहते. केस कापून आली, तर चार दिवस आरसा भिंतीकडे तोंड करून.

“मी म्हटलं होतं या म्हणून,” मावशी म्हणाली. “कबूल आहे. तेव्हा मला वाटलं होतं, आठवण येते त्यांची. ती आठवण निराळीच होती रे. हे इतकं लक्षात नव्हतं.”

तोआन हसला नाही. त्याने करार काढला आणि या खेपेला कलम सतरा शेवटपर्यंत वाचलं. त्या कलमातून सुटायच्या दोनच वाटा होत्या. एक, संबंधित व्यक्तीने स्वतःच्या हाताने लेखी राजीनामा द्यायचा.

“आयुष्यात दोन ओळी लिहिल्या नाहीत त्यांनी. दुसरी?”

“दुसरी, कराराच्या काळात संबंधित व्यक्तीचा मृत्यू झाला, तर ती आपोआप मोकळी होते.”

मावशीची सुरी थांबली. “मग झालं की.”

तोआनने दाराशी जाऊन सायगावच्या वकिलाला फोन करून हे विचारलं. अर्थात नाव न सांगता, एक काल्पनिक प्रश्न म्हणून. वकिलाने उत्तर दिलं आणि वर पुढच्या वेळी असे प्रश्न लेखी पाठवायला सांगितलं.

“कराराच्या तारखेनंतरचा मृत्यू लागतो, मावशी. आधीचा चालत नाही.”

“म्हणजे त्यांनी आणखी एकदा मरायला हवं?”

“कायद्याने बघितलं तर, हो.”

“आणि तुझ्या त्या सिंगापूरच्या बाईला खरं सांगितलं तर?”

तोआनने तेही सांगितलं. पैसे परत मागितले जातील, कारखान्याची बेचाळीस माणसं घरी बसतील, आणि तो स्वतः तर नक्कीच. शिवाय जपानवाला. मावशीने सगळं ऐकून घेतलं. चार वर्षं उरली होती. तिने बोटांवर पौर्णिमा मोजायला सुरुवात केली आणि दुसऱ्या हाताशी पोचल्यावर सोडून दिलं.

मग तिने हात धुतले, गॅस बंद केला आणि भाताचं भांडं टेबलावर आणून ठेवलं. टेबल भिंतीला लागून होतं. एका बाजूचं बाक मोकळं होतं. तोआन तिथे बसायला वाकला, पण मावशीने त्याला हाताने थांबवलं. ती त्या रिकाम्या बाकाकडे बघत होती, थकलेल्या आणि थोड्याशा वैतागलेल्या नजरेने. चाळीस वर्षांच्या संसारात बायका बघतात तशी.

“सरका जरा तिकडे,” ती म्हणाली. “पाहुण्याला बसू दे.”

बाक करकरलं.