मन्मथअप्पांची खबरदारी

अंधाऱ्या खोलीत शिरायचं झालं तर मन्मथअप्पा आधी उंबऱ्यावर थांबतात, घसा खाकरतात आणि आत कोणी नसताना मोठ्याने सांगतात, "मी आत यायलो. कोण असंल त्यानं जरा सरकून घ्यावं." मग हात आत घालून बटण दाबतात. उजेड पडतो. आत पिठाचा डबा आणि सायकलीचा पंप एवढंच असतं. अप्पा डब्याकडे बघून मान हलवतात, जणू त्यानेच जागा करून दिली.

"अप्पा, कोणाला सांगायलात?" मी एकदा विचारलं.

"जो असंल त्याला. आपण न सांगता शिरावं, त्यो दचकावा, आन् दचकून आपल्याला धरावं. मग चूक कोणाची?"

"म्हंजी भेता तुमी."

"भेत न्हाई, नबीभाई. खबरदारी घ्यायलो."

खबरदारी हा त्यांचा शब्द. तीन बॅटऱ्या बाळगतात, तीही खबरदारीच. एक खिशात, एक उशाला, आणि तिसरी कशाला म्हणाल तर, "पयल्या दोन त्यानं पळवल्या तर?"

मी नबी मिस्तरी. लातुरात चाळीस वर्षं भिंती बांधल्या. शाळा चौथीपर्यंत झाली, तिथे मास्तर आणि मी दोघंही एकमेकांना कंटाळलो. पण सगळा जन्म भिंतीला ओळंबा धरण्यात गेला, तेव्हा सांगतानाही ओळ वाकडी जाणार नाही. भूकंपात माझ्या हातची एकही भिंत पडली नाही. लातूर शहरात तशी फार पडझड झालीच नव्हती, असं काही लोक मध्येच सांगतात. त्यांना सांगू द्या.

अप्पांचं गाव औशाच्या पलीकडे. तिथे त्यांचं किराणा दुकान होतं. भूकंपात गाव गेलं, दुकान गेलं, बायको गेली. त्यावर अप्पा बोलत नाहीत आणि आम्ही विचारत नाही. मुलगा बसवराज तेव्हा लातुरात शिकत होता म्हणून वाचला. पुढे तो फिजिक्सचा सर झाला. शिकवण्यांचं पेव फुटलं, नांदेड, कंधार, बिलोलीकडची पोरं बोचकी घेऊन लातुरात उतरू लागली, आणि बसवराजच्या क्लासपुढे चपलांचे ढीग लागू लागले. त्याने आमच्याच गल्लीत जागा घेतली आणि मला बोलावून म्हणाला, "काका, अप्पांसाठी घर बांधायचंय. धरणी हलली तरी ते हलू नये."

मी दुप्पट गज घातले. भिंतींना चहूकडून काँक्रीटची पट्टी बांधली. कोपऱ्या-कोपऱ्याला उभं लोखंड दिलं. असं घर मी स्वतःला बांधलं नाही.

त्या घरात अप्पा एक रात्रही झोपले नाहीत.

बांधकामाच्या वेळी सिमेंटची पोती ठेवायला अंगणात पत्र्याचं शेड घातलं होतं. अप्पांनी त्यात खाट टाकली, शेडचं दार काढून बाहेर टेकवून ठेवलं, वर एक बल्ब लावला आणि तो रात्रभर चालू. कारण विचारलं तर म्हणाले, "भुताचा पिक्चर पायला. आता आठ दिवस घरात झोप येनार न्हाई."

ते आठ दिवस कधी संपलेच नाहीत. कारण दर शुक्रवारी नवा पिक्चर लागायचा. भुताचा असला की अप्पा धुतलेलं धोतर नेसून दुपारच्या खेळाला जायचे. रात्रीचा खेळ नको, का तर खबरदारी. संध्याकाळी परत आले की लिंबाखाली बाजेवर बसून गोष्ट सांगायचे. दार किरकिरायचं, कुत्रं रडायचं, बाईचे पैंजण वाजायचे, हे सगळं त्यांच्या एका तोंडातून. घराच्या माडीवर भाड्याने राहणारी शिकवणीची पोरं पुस्तकं मिटून खाली यायची. गोष्ट रंगात यायची, हिरोईन तळघराचा जिना उतरू लागायची आणि अप्पा तिथेच थांबायचे.

"पुढं काय झालं अप्पा?"

"पुढं मी डोळे मिटले."

"सगळा पिक्चर संपेस्तोवर?"

"डोळे एकदा मिटले की मी लवकर उघडत न्हाई."

प्रत्येक पिक्चरचं असंच. पोरं शेवट ऐकायला तरसायची आणि मग सूड म्हणून अप्पांना छळायची. "अप्पा, काल जिन्यात पांढरं काहीतरी लोंबत होतं."

"लोंबत होतं? मंग ते माझं धोतर. भूत उभं ऱ्हातंय, त्याला लोंबायला कोण सांगतंय!"

लाइट गेली की मात्र अप्पांची थट्टा करायची सोय नव्हती. आमच्याकडे लोडशेडिंग दिवेलागणीलाच व्हायचं. गल्ली काळी झाली की अप्पा खुर्ची घेऊन मधोमध बसायचे आणि हजेरी घ्यायचे. "नबीभाई, हायस का?" मी आतून ओरडायचो, "हाय." "कंधारवाले, हायत का रे?" "हाव अप्पा!" "बिलोलीवाला?" बिलोलीवाला एकदा गंमत म्हणून गप्प बसला. अप्पा खुर्ची पाडून जिन्याकडे धावले, बॅटरी हातात असून लावायची विसरले, आणि पायरीला गुडघा फोडून घेतला. पोरगं रडकुंडीला आलं. त्यानंतर लाइट गेली की सगळ्यात आधी तेच ओरडायचं, "अप्पा, मी हाय."

हे सगळं ठीक. मला झोंबायचं ते वेगळंच. गल्लीतले लोक चहा पिता पिता मला म्हणायचे, "मिस्तरी, तुमी बांधलेल्या घरात मालकाचा बापच झोपत न्हाई म्हन. काय भानगड हाय?" मी म्हणायचो, "येडा हाय त्यो, पिक्चरला भेतो." लोक हसायचे. पण घराचं नाव खराब झालं ते झालंच.

मग एका उन्हाळ्यात बसवराज सर माझ्याकडे आला. जूनमध्ये नवी पोरं येणार, जागा कमी पडते, तर शेड पाडून त्या जागी वर-खाली सहा खोल्या काढायच्या. काम माझ्याकडेच. त्या वयात एवढं काम पुन्हा मिळणार नव्हतं. माझे हात शिवशिवू लागले.

"आन् अप्पा?" मी विचारलं.

"आत झोपतील की. काका, लोक मला विचारतात, बापाला पत्र्यात ठेवलं का म्हणून. मी काय सांगू? माझे वडील सिनेमाला भितात?" "तुम्ही त्यांचं हे वेड तेवढं सोडवा. तुमचं ऐकतात ते."

अप्पा कोणाचंच ऐकत नाहीत, पण मी हो म्हणालो. माझा विचार सरळ होता. म्हाताऱ्याला टॉकीजमध्ये शेजारी बसवायचं, डोळे मिटू द्यायचे नाहीत, शेवट दाखवायचा. भूत म्हणजे रंग लावलेला माणूस हे एकदा पाहिलं की संपलं. शुक्रवारी मी धुतलेला सदरा घालून अप्पांच्या पुढे उभा राहिलो.

"आज मीबी येनार."

"तू? तुला तर पिक्चर आवडत न्हाई."

"आजपासून आवडतो."

टॉकीजवर मी दोन तिकिटं काढली आणि दाराशी गेलो, तर डोअरकीपर अप्पांकडे डोळे फाडून बघू लागला. "अप्पा! आज आत?"

"आज आत म्हंजी?" मी म्हणालो. "दर शुक्रवारी येतात की."

"येतात. तिकीट काढतात, आन् समोर चहावाल्याकडं बसतात. इतकी वर्सं झाली, पडदा कसला हाय ते त्यांनी पायला न्हाई. इंटरवलला मी भाईर आलो की मला इचारतात, आतापस्तोर काय झालं. मी सांगतो. इंटरवलनंतर मी भाकर खायला घरी जातो."

तळघराच्या जिन्यावर अडकलेल्या सगळ्या हिरोइनींचा मला एकदम उलगडा झाला. मला हसू आलं. मी अप्पांचा हात धरून म्हणालो, "चला, आज बघूच कसं भूत हाय ते." आणि दाराच्या काळ्या पडद्याकडे ओढलं. त्यांनी तिथेच पाय रोवले. अप्पा भुताच्या पोस्टरकडे बघतच नव्हते. ते वर बघत होते. टॉकीजची भिंत जिथे छताला भिडते तिकडे.

मी हात सोडला. आम्ही चहावाल्याच्या बाकड्यावर जाऊन बसलो. रखरखीत ऊन. आतून किंकाळी ऐकू आली तरी अप्पांनी बशीतला चहा सांडू दिला नाही.

"भुताला भेत न्हाई तुमी," मी म्हणालो.

"भूत कुठं असतंय नबीभाई!"

"मग?"

"भितीला भेतो."

"भीतीला कोणी भेतं का अप्पा? काहीबी बोलायलात."

"भीतीला न्हवं रे. भितीला." त्यांनी हाताचा पंजा आडवा-उभा फिरवून भिंत दाखवली. लिंपताना मी फिरवतो तसा.

मग दोन घोट घेतले आणि सांगितलं. घर मातीत रचलेल्या दगडांचं, वर माळवदाचं जड मातीचं छत. पहाटे सगळं खाली आलं. मधली भीत दोघा नवराबायकोच्या मध्ये आडवी पडली. "अल्याड मी, पल्याड ती. डोळ्यात बोट घातलं तरी दिसू नये असा अंधार. ती बोलत होती. मी 'हायस का?' म्हनायचो, ती 'हाय' म्हनायची. दुपारपस्तोर."

मी चहावाल्याला आणखी दोन चहा सांगितले.

"मग सरळ तसं सांगायचं ना," मी म्हणालो. "भुताची सोंगं कामून केली? सगळी गल्ली हसती तुमाला."

"हसती तेच बरं हाय. पिक्चरला भेतो म्हनलं की लोक हसत्यात, शेजारी बसत्यात, गोष्ट ऐकत्यात. भितीला भेतो म्हनलं की मान खाली घालून उठून जात्यात. मी बघितलंय की." त्यांनी बशी खाली ठेवली. "आन् बसवराजला काय सांगू? घसा फुटंस्तोर शिकवून त्यानं माझ्यासाठी घर बांधलं. त्यात मला दम कोंडतो म्हनू? आन् तुला काय सांगू? तू सगळ्या लातूरभर सांगत फिरतूस, माझी एक भीत पडली न्हाई. तुझ्या भितीत मला झोप येत न्हाई असं मी तुज्या तोंडावर म्हनायचं?"

मला रागच आला. "त्या घरात दुप्पट गज हाय अप्पा! ती भीत पडनार न्हाई!"

"मला ठावं हाय," अप्पा शांतपणे म्हणाले. "अंगाला कोण सांगंल?"

भिंतीला ओळंबा लावता येतो. अंगाला काय लावणार?

रविवारी सकाळी बसवराज सर मोजायची टेप घेऊन अंगणात आला. मी पहार घेऊन शेडच्या कडेला खड्डा घेतला. हातभर काळी माती निघाली आणि तिच्याखाली पिवळाधमक मुरूम लागला. पहार खणकन वाजली. पाया घालायला यापेक्षा चांगली जमीन अख्ख्या लातुरात मिळणार नाही. अप्पा शेडमध्ये खाटेवर बसून आमच्याकडे बघत होते. त्यांनी एका हाताने खाटेचं कडेचं लाकूड धरलं होतं.

मी पहार बाजूला टाकली. चाळीस वर्षांत मी मातीबद्दल खोटं बोललो नव्हतो.

"सर, काम हुनार न्हाई. काळी लागली. पानी धरती ही. ह्यावर वजन टाकलं तर खचंल. हितं पत्राच बरा."

बसवराज खड्ड्यावर वाकला. बराच वेळ मुरमाकडे बघत राहिला. मग माझ्याकडे बघितलं, मग शेडकडे. पोरगा फिजिक्सचा सर आहे, त्याला काळं-पिवळं कळतं.

"बरं काका," तो म्हणाला. "तुम्ही काळी म्हणता, तर काळीच." आणि टेप गुंडाळून घरात गेला. मी खड्डा बुजवला.

ही बातमी दोन दिवसांत गल्लीभर झाली. तिसऱ्या दिवशी चहाच्या गाड्यावर पलीकडच्या आळीतला एक ठेकेदार सगळ्यांदेखत म्हणाला, "नबी मिस्तरी म्हातारा झाला. त्याला आता मुरूम वळखू येईना. मी कालच दोन घरं सोडून पाया खांदला, सगळा मुरूम हाय." लोक माझ्याकडे बघू लागले. दुसरी वेळ असती तर मी त्याला तिथून उठवला असता. मी कपाकडे बघत बसलो.

अप्पा शेजारीच होते. ते उठून उभे राहिले.

"मुरूम? कसला मुरूम! नुसता चिखल. मी सोता बघितलाय. पाय घातला तर घोट्यापस्तोर गेला. चप्पल अजून आतच हाय!"

ठेकेदार हसला. "असं व्हय? मंग अप्पा, दहा हातावर तुमचं ते दोन मजली घर कसं उभं हाय? त्याच्याखाली काय दगड हाय व्हय?"

लोकही हसले. खोटं बोलायची सवय नसली की त्याचं दुसरं टोक कुठे निघेल ते कळत नाही.

"खाली काय हाय मला म्हाईत न्हाई," अप्पा म्हणाले. "ते घर नबीभाईनं बांधलंय. म्हनून उभं हाय."