पोटगीतली झोप

कोर्टानं त्रिशलाला काडीमोड दिला आणि पोटगी म्हणून नवऱ्याची दुपारची झोप लावून दिली.

झोपच का, तर त्याला कारण होतं. नवऱ्याची, धनपाल मगदुमाची, पिठाची गिरणी होती. पट्टा फटफटत असताना, चालू गिरणीत, पोत्याला टेकून तो असा झोपायचा की दळणाला आलेल्या बायका त्याच्या अंगावरनंच डबे पलीकडं द्यायच्या. रात्री तर विचारू नका. घोरणं सुरू झालं की माळ्यावरची मांजरं खाली उतरायची. त्रिशलानं अकरा वर्षं ते ऐकत कुशी बदलल्या. माहेरनं आणलेली तिची स्वतःची झोप त्या घरात पार खर्ची पडली. वेगळी झाली, गावाच्या दुसऱ्या टोकाला खोली घेतली, शिवणाचं मशीन मांडलं, तरी झोप येईना. येणार कुठनं? संपलेली होती. एका गिऱ्हाइकाच्या ब्लाउजला तिनं दोन्ही बाह्या डाव्या लावल्या, आणि वर त्या बाईशीच भांडली, की हात तुझाच वाकडा आहे. असंच चाललं तर मशीन विकून माहेरी भावजयीच्या हाताखाली जावं लागणार, हे तिला दिसत होतं.

जज्जसाहेब म्हणाले, "जिथं खर्ची पडली, तिथनंच वसूल झाली पाहिजे."

धनपालचा वकील उठला. "साहेब, झोप वडिलोपार्जित आहे. अशिलाचे वडील असेच झोपायचे. आजोबा तर घोड्यावर झोपायचे, घोडं आपलं आपण घरी यायचं. घराण्याची मिळकत सुनेला कशी देता येईल?"

जज्जसाहेबांनी चष्मा पुसला. "रात्रीची वडिलोपार्जित," ते म्हणाले, "दुपारची स्वकष्टार्जित." आणि पुढचा खटला पुकारला.

बजावणीची रीत सरळ होती. कोर्टाची शिक्का मारलेली एक उशी होती. मुजावर बेलीफ ती सायकलवरनं धनपालच्या घरी न्यायचा. जेवण झालं की धनपालनं तिच्यावर झोपायचं, झोप उशीत उतरायची. माणूस झोपताना बघणं बरं दिसत नाही, म्हणून बेलीफानं ओसरीवर बसावं असं कोर्टानंच सांगितलं होतं. उशी हलकी आत जायची, जड होऊन बाहेर यायची. मुजावर तिच्या अभ्र्याचं तोंड लाखेनं बंद करायचा आणि कॅरेजला बांधून त्रिशलाच्या दारात आणून द्यायचा.

सुरुवातीला माल चोख आला. त्रिशला उशीला मान लावायची ती दगडासारखी पडायची. डोळ्यांची आग गेली. काजं सरळ पडायला लागली. शेजारीण म्हणाली, "बाई, काडीमोड मानवला तुला."

दसरा झाला आणि झोप बिघडली. हलकी यायला लागली. शेजारी चमचा पडला की मोडायची. डास गुणगुणला की मोडायची. त्रिशलाला पहिला संशय मुजावरचा आला. त्याचं तोंड कसं टवटवीत दिसत होतं! तिनं लाख नखानं खरवडून बघितली.

"मुजावरमामा, वाटेत कुठं टेकला होता काय?"

"कुठं टेकू?"

"म्हंजे जरा सावली बघून, जरा उशी बघून."

"ताई, सायकलीवर झोपलो तर ओढ्यात जाईन की."

"मग तोंड एवढं कशानं फुललंय?"

"दाढदुखी हाय," मुजावर म्हणाला, आणि तोंड उघडून दाढ दाखवली. त्रिशलानं खिडकीजवळ नेऊन नीट बघितली. किडलेली होती. तरी तिनं दोन दिवस त्याच्यावर डोळा ठेवला, मग सोडला.

कारण आता झोपेत स्वप्नं पडायला लागली होती. स्वप्नात ती चष्मा शोधायची. तिला चष्मा नव्हता. स्वप्नात गुडघे ठणकायचे, ते उठल्यावर थांबायचे. आणि एक दिवस ती जागी झाली ती ओरडतच, "भांडी तशीच पडलीत, सूनबाईला लाज हाय काय?" खोलीत तर ती एकटीच होती. समोरच्या आरशात बघून तिनं स्वतःलाच आणखी दोन शब्द सुनावले. तोंडातला शेवटचा शब्द संपता संपता तिला उमगलं. ही झोप धनपालची नव्हे. ही सासूची, आक्काताईंची.

तिनं आपल्या कुडचे वकीलबाई गाठल्या.

"पुरावा?" वकीलबाईंनी विचारलं.

"त्या झोपेत मी मलाच शिव्या घालते."

"असं लिहून चालत नाही. 'परकी व उतरत्या वयाची झोप' असं लिहू." आणि त्यांनी बजावणीची दरखास्त टाकली. कोर्टानं हुकूम काढला, की बेलीफानं ह्या खेपेला आत जाऊन, अर्जदार बाईसमक्ष झोप जप्त करावी.

त्रिशला आणि मुजावर ऐन दुपारी आत शिरले. माजघरात खाटेवर, कोर्टाच्या उशीवर, आक्काताई आडव्या होत्या. शेजारी स्टुलावर धनपाल बसलेला. डोळे जास्वंदीसारखे लाल.

आक्काताईंनी एक डोळा उघडला. "आलीस व्हय? चपला भाईर काढ. तेवढं तरी शिकवलं हुतं मी."

"आत्या, उशीवरनं डोकं उचला."

"माझ्या घरात माझं डोकं कुठं ठेवायचं, ते तू सांगणार?"

मुजावर घसा साफ करून म्हणाला, "आक्का, हुकूम हाय. झोप नवऱ्याची लागते. सासूची चालत न्हाई."

"का चालत न्हाई? नऊ महिने माझ्या पोटात झोपला की त्यो! झोपायला शिकला कुणाकडनं?"

"ते कोर्टात सांगा," त्रिशला म्हणाली आणि धनपालकडं वळली. "आणि तुम्ही? झोप लपवून ठेवताय? कुणाला द्यायचीय? कोण बघून ठेवलीय का?"

धनपाल मान खाली घालून म्हणाला, "शिल्लक होती तोवर दिली, त्रिशला. आता येतच नाही."

"नाटक." तिनं त्याच्या डोळ्याची पापणी ओढून बघितली. मग दुसरी. मशीनवर रात्री काढून असा डोळा कसा होतो ते तिला पाठ होतं. डोळा खरा होता.

"तू शेजारी जागी असायचीस," धनपाल म्हणाला. "घरात कोणतरी जागं आहे म्हटलं की मला झोप लागायची. आता तू तिकडं झोपतेस, तर इकडं जागं कोण राहणार? मीच राहतो."

"आई आहे की तुमची."

"बसले की मी जागी!" आक्काताई उठून बसल्या. "मला बघितलं की त्याला वाटतं, शाळंला उठवाय आली. म्हटलं, पोराला कोर्टानं आत टाकायला नको, म्हणून माझी दिली. तुला काय, फुकट ते पौष्टिक. आणि नावं ठेवतीया!"

मुजावरनं उशी काखेत मारली. जप्त करायला काही सापडलं नाही, असं त्यानं कोर्टाला सांगितलं.

जज्जसाहेबांनी पुन्हा चष्मा पुसला. मग हुकूम दुरुस्त केला. अर्जदार बाईनं रोज दुपारी धनपालच्या घरी जाऊन जागं बसावं. तिच्या जागेपणावर धनपालनं झोपावं. भरलेली उशी बाईनं आपल्या घरी नेऊन वापरावी.

त्रिशलाला ह्यात वास आला. बाहेर आल्यावर तिनं वकीलबाईंना गाठलं. "बाई, हे मला परत नांदायला न्यायचं काम दिसतंय."

"बसा, पण डोळे उघडे ठेवून," कुडचे वकीलबाई म्हणाल्या. "त्या घरात तुमचा डोळा लागला, नुसती डुलकी लागली, तरी कायद्यानं तुम्ही नांदायला गेलात. काडीमोड तिथंच रद्द. आणि हे सासूला माहीत नसेल असं समजू नका. त्यांचा वकील सकाळीच त्यांच्याकडनं पुरणपोळी खाऊन आलाय."

दुसऱ्या दिवशी त्रिशला गेली. बसायला तिनं ऐसपैस खुर्ची नाकारली, तीन पायांचं डुगडुगणारं स्टूल घेतलं. हातात हुक लावायचे ब्लाउज घेतले. मुजावर ओसरीवर बसला. धनपालनं उशीवर डोकं टेकलं.

"झोपलात का?"

"हो."

"मग बोलताय कसे?"

थोड्या वेळानं घोरणं आलं. त्रिशलानं खात्री म्हणून त्याच्या मिशीचा एक केस उपटला. माळ्यावरचं मांजर खाली आलं, धनपाल हलला नाही.

घोरणं ऐकता ऐकता तिचे स्वतःचे डोळे जड व्हायला लागले. अकरा वर्षांत त्या घोरण्यानं कधी झोप आली नव्हती, आजच कशी येत होती? तिनं सुई बोटाला टोचून घेतली. तेवढ्यात आक्काताई कपबशी घेऊन आल्या.

"घे. दमलीस."

त्रिशलानं कप नाकाजवळ नेला. "आत्या, जायफळ?"

"जरासं. वासाला."

"अकरा वर्षं मला उरल्यासुरल्या पत्तीचा चहा. आज जायफळ?"

"माणसानं सुधारू ने काय?"

"सुधारा की. पण आधी तुम्ही घ्या."

"मी आत्ताच घेतला."

"घोटभर. माझ्यासाठी. का मुजावरमामांना हाक मारू चव बघायला?"

आक्काताईंनी ओसरीकडं बघितलं. मुजावर म्हणजे कोर्ट. त्यांनी कप घेतला, बशीत ओतला, फुंकर मारली आणि भुरकन पिऊन टाकला. मग आणखी एक बशी, कारण त्रिशला बघत होती. "बघ. झालं काय मला?" म्हणत त्या भिंतीला टेकल्या. थोड्या वेळानं त्यांची मान उजव्या खांद्यावर आली आणि तिथंच राहिली. मायलेक दोघं घोरत होते, एक खर्जात, एक वरच्या पट्टीत. त्रिशला स्टुलावर ताठ बसून हुक लावत राहिली.

उशी भरली. तिनं ती स्वतः बाहेर आणून दिली, लाख घट्ट बसेपर्यंत मुजावरच्या डोक्यावर उभी राहिली, आणि त्याच्या सायकलीमागनं चालत घरी आली. कडी लावली. दिवेलागणीला उठली तेव्हा गुडघे ठणकत नव्हते आणि कुणाला शिव्या द्याव्याशा वाटत नव्हत्या. त्याच दिवशी तिनं नव्या गिऱ्हाइकाचं माप घेतलं, दोन्ही हातांचं.

दुसऱ्या दिवशी ती परत वेळेवर हजर झाली. धनपाल आडवा झाला. आक्काताईंनी दारातनंच टोमणा मारला, "नांदत होती तवा महिन्याला माहेरी पळायची. काडीमोड झाल्यावर रोज येतीया."

"नांदायला नाही, आत्या. वसुलीला."

"बरं बरं. चहा टाकते."

"बसा तुम्ही," त्रिशला स्टुलावरनं उठली. "आज मी करते."

ती चहा घेऊन आली. आक्काताईंनी कपाकडं बघितलं, मग तिच्याकडं, मग परत कपाकडं.

"तू आधी पी," त्या म्हणाल्या.