अंड्याची अब्रू

लिंबाजीनाना अंड्यांना तीट लावायचे. तान्ह्या लेकराच्या गालाला लावतात तशी, काजळाची, करंगळीनं. कळंबच्या शाळेत माझी बदली झाली आणि नानांच्या शेजारची खोली भाड्यानं मिळाली. पहिल्याच सकाळी हा सोहळा बघून आपण नेमके कुठं येऊन पडलो, अशी मला शंका आली.

"खुडूक कोंबडीखाली उबवाया ठिवायचीत," नानांनी खुलासा केला. "दुसरी मधीच येऊन ताजं घालून गेली तर वळखायचं कसं? म्हून निशाणी."

"मग कोळशाची रेघ मारा की."

"कोळसा?" नानांनी माझ्याकडं असं बघितलं, की मी तो विषय पुन्हा काढला नाही.

नाना निजामाच्या राज्यात तहसील कचेरीत चपराशी होते. राज्य गेलं, कचेरीवरच्या पाट्या बदलत राहिल्या, पण नानांची बोली आणि रुबाब जुनाच राहिला. नोकरी सुटल्यावर त्यांनी कोंबड्या पाळल्या आणि पूर्वी साहेबाच्या दाराशी उभे राहत तसे खुराड्याच्या दाराशी उभे राहू लागले. अंडं हाती आलं की आधी त्याची 'गरमी उतरू द्यायची'. मग जुन्या धोतराच्या मऊ फडक्यानं अलगद पुसायचं. कितीही घाण लागलेली असो, कोरड्यानंच.

"पाणी बिलकुल न्हाय," ते बजावत. "पाणी लागलं की अंड्याची अब्रू गेली!"

पुसलेली अंडी चाळलेल्या राखेच्या मडक्यात जात, निमुळतं टोक खाली करून. मडक्याला घरातला सगळ्यात गार कोपरा दिलेला होता. त्यापायी नानांच्या बायकोच्या, म्हणजे काकूंच्या देवांना दुसऱ्या भिंतीला जावं लागलं. तिथं कुणी मोठ्यानं बोललं की नाना ओठांवर बोट ठेवत. "हळू बोला. निजलीत." बाजारात एखाद्या गिऱ्हाइकानं अंडं कानाशी नेऊन हलवलं, तर सौदा तिथंच मोडायचा. "खुळखुळा हाय का त्यो?" असं म्हणून नाना टोपली झाकून घ्यायचे.

माझी बायको सुमन नवी होती, तेव्हा तिनं एकदा नानांची टोपलीभर अंडी चांगुलपणानं घासूनपुसून धुतली आणि उन्हात वाळत ठेवली. नाना आले आणि बघतच राहिले.

"सूनबाई, अब्रू काढलीस की गं त्यांची!"

त्यानंतर कितीतरी दिवस ते आमच्याशी बोलले नाहीत. गल्लीतली पोरं मात्र आंघोळीला बोलावलं की "आमची अब्रू जाती!" म्हणत पळायची.

पुढं सुमनला दिवस गेले. तिला आई नव्हती, म्हणून बाळंतपण इथंच करायचं ठरलं. नाना काकूंच्या हाती रोज अंडी पाठवू लागले. मुलगी झाली. सारी गल्ली बघून गेली, पण नाना काही आले नाहीत. फक्त एकदा खिडकीबाहेरून त्यांचा आवाज आला, "लेकराला पाणी लावलं का?"

सुमन खळखळून हसली. "नाना, न्हाऊ घालावं लागतंय तिला. ती काय अंडं हाय?"

बाहेर नानांची पावलं लांब गेली. काकू पाळण्याशी बसल्या होत्या. त्या हसल्या नाहीत.

"आमाला एक ल्योक झाला हुता," त्या हळूच म्हणाल्या. "म्या तापानं पडलेली. थंडीचं दिवस. ह्यांनीच हौसेनं त्येला न्हाऊ घातलं. लेकराला गारठा बाधला, ऱ्हायलं न्हाय. आपून पाणी लावलं म्हून गेलं, असं ह्ये म्हणत्यात. तवापासनं कुणाच्या लेकराला हात लावत न्हाईत. त्येची काजळाची डबी तेवढी जपून ठिवली."

ज्या वाक्याला सगळी गल्ली हसत होती, त्याला मीही हसलो होतो. सुमननं डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं भिंतीवरून हाक मारली. "नाना, पोरीला न्हाऊ घालतोय. पुसायला तुमचं फडकं पायजे. आमच्याकडं एवढं मऊ न्हाय."

मग नाना आले. हातात धुवट धोतराची नवी घडी. आत पाणी पडत होतं तोवर ते उंबऱ्याबाहेर पाठ फिरवून उभे राहिले. फडक्याची घडी त्यांनी छातीशी धरली होती. पाण्याचा आवाज थांबल्यावर सुमननं पोरगी त्यांच्यापुढं धरली.

"घ्या नाना. मला न्हाय जमत तुमच्यासारखं."

नाना उंबऱ्याशी खाली बसले आणि त्यांनी पोरगी मांडीवर घेतली. फडकं पोरीच्या अंगाला लागलं आणि त्यांचे हात सवयीनं फिरू लागले. कानामागं, मानेच्या वळीत, गुडघ्याच्या लवणीत, कुठं म्हणून ओल ठेवली नाही. मग त्यांनी खिशातून डबी काढली आणि करंगळीनं तिच्या गालाला तीट लावली. त्यांच्या मांडीवरच तिचा डोळा लागला.

मला राहवलं नाही. वर्गात बोलतो त्या आवाजात मी म्हणालो, "वा नाना! काय गुणाचा हात आहे तुमचा!"

नानांनी वर बघितलंच नाही. त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांनी फक्त ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला, मास्तर. निजली."