गोड बातमीसाठी पाहणी पथक

शासकीय मेंढी पैदास केंद्रातल्या मेंढ्या त्या हंगामात वेळेवर माजावर आल्या नाहीत आणि या हलगर्जीपणाची वरिष्ठ कार्यालयाने गंभीर दखल घेतली. हंगाम संपेपर्यंत कळप गाभण राहिला नाही, तर केंद्र बंद करून मेंढ्यांचा लिलाव करावा, असा आदेश निघाला. आदेश केंद्राच्या डॉक्टरांच्या हाती पडला. कोकरं असल्यापासून त्यांनी हा कळप वाढवला होता, त्यांचा त्याच्यावर जीव होता.

पाहणी पथक आलं. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, की मेंदूच्या तळाशी एक इवलीशी ग्रंथी असते, तिथून संप्रेरकाचा इशारा आला तरच बीजकोश कामाला लागतात आणि मेंढी घाबरली की हा इशाराच अडतो.

"म्हणजे प्रकरण वरच्या स्तरावर प्रलंबित आहे," पथकप्रमुख समजुतीने म्हणाले.

मग प्रत्येक मेंढीला धरून, आडवी पाडून, पोट दाबून तिची प्रगती तपासण्यात आली. मेंढ्या थरथरत एका कोपऱ्यात दाटल्या. इशारा अडला तो अडलाच.

प्रगती शून्य दिसल्याने पाहणी दर आठवड्याला ठरली, तेवढ्यानेही भागेना म्हणून रोज. संबंधित ग्रंथीकडून विलंबाबद्दल खुलासा मागवण्यात आला. तिला लिहिता येत नसल्यामुळे तो डॉक्टरांनी दिला आणि तो असमाधानकारक ठरला. पुढे मेंढ्यांचं मनोबल वाढावं म्हणून शेडमध्ये ध्वनिक्षेपकासकट भाषण झालं. मेंढ्या जागच्या जागी थिजल्या, कळपातला नर, एडका, मात्र कुंपण तोडून पसार झाला.

डॉक्टर दमून घरी यावेत, तर तिथे आई आणि मावशी ठाण मांडून बसलेल्या. डॉक्टरांच्या लग्नाला काही वर्षं झाली होती. आई सुनेला रोज विचारायची, गोड बातमी कधी? मावशी तिची चाल निरखायची आणि तिने चहा नको म्हटला तरी डोळे मिचकावायची. बायको हसून वेळ मारून न्यायची आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ मोठा सोडायची. डॉक्टरांना ते ऐकू यायचं, पण त्यांच्या डोक्यात मेंढ्या असायच्या.

शेवटी वैतागून त्यांनी शेडच्या फाटकावर पाटी ठोकली: "आत संसर्गाची शक्यता. पथकाने स्वतःच्या जबाबदारीवर प्रवेश करावा." स्वतःच्या जबाबदारीवर काही करायची पथकाला सवय नव्हती. ते फाटकावरूनच परतलं. मेंढ्या निवांत रवंथ करू लागल्या. एडका आपला आपण घरी आला. हंगाम संपायच्या आत कळप गाभण राहिला, लिलाव टळला आणि हे सातत्यपूर्ण पाहणीचं यश असल्याचं वरिष्ठ कार्यालयाने जाहीर केलं.

डॉक्टर आनंदाने तरंगतच घरी पोचले आणि बायकोला सगळं सांगितलं. बिचाऱ्यांना कुणी छळलं नाही, एवढंच लागतं, असंही वर ऐकवलं.

"अहो, मेंढ्यांसाठी पाटी लावलीत," ती म्हणाली. "माझ्यासाठी कधी लावणार?"

डॉक्टरांना स्वतःची मनापासून लाज वाटली. ते तसेच बाहेरच्या खोलीत गेले.

"आई, तो प्रश्न या घरात आजपासून कुणी विचारायचा नाही. तू नाही आणि मावशीही नाही."

आई रुसली. मावशीने पिशवी उचलली. बायको त्या रात्री किती तरी दिवसांनी पोटभर जेवली.

या गोष्टीला आता बराच काळ लोटला. ऐकणारा पथकावर हसतो, ग्रंथीच्या खुलाशावर हसतो, मावशीवर तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसतो. हसून झालं, की जरा पुढे सरकून हळूच विचारतो, "ते असू दे. पण मग पुढे झालं का मूल त्यांना?"

तुम्हीही आत्ता तेच विचारणार होतात.