भिंगारदिव्यांचं बिननावाचं शेवाळ

सकाळी सहा वाजता आमच्या केडगावच्या कॉलनीत साखर कारखान्याचा भोंगा वाजतो. कारखाना तिकडे राहात्याकडे, इथून दीड-दोन तासांच्या वाटेवर. वाजतो तो शेजारच्या बंगल्यातला स्पीकर. कॉलनीत नवीन राहायला आलेली माणसं पहिल्या दिवशी घाबरून गॅलरीत येतात. जुनी माणसं कूस बदलतात आणि म्हणतात, "भिंगारदिव्यांची पहिली पाळी लागली."

शमुवेल भिंगारदिवे कारखान्याच्या प्रयोगशाळेत चीफ केमिस्ट होते. निरोप समारंभात त्यांना भिंतीवरचं घड्याळ देणार होते. ते म्हणाले, घड्याळ नको, मला भोंगा रेकॉर्ड करू द्या. तेव्हापासून दिवसातून तीनदा भोंगा वाजतो. रात्रपाळीचा तेवढा हळू आवाजात, हे त्यांचे कॉलनीवर उपकार.

त्यांच्याबद्दल लिहिताना गंमत येणारच, माणूसच तसा आहे. पण मी गंमत म्हणून लिहीत नाही. गेल्या प्रजासत्ताक दिनी माझ्या खांद्यावर जी शाल पडली ती माझी नव्हती. हे कुणीतरी लिहून ठेवायला हवं आणि मी सोडून ते कुणाला माहीत नाही, अशी माझी समजूत होती.

भिंगारदिव्यांच्या खिशात पेनच्या जागी रिफ्रॅक्टोमीटर असतो. छोट्या दुर्बिणीसारखी नळी. तिच्या काचेवर उसाच्या रसाचा थेंब टाकून उजेडाकडे डोळा लावला, की रस किती गोड ते कळतं. त्या गोडीला कारखान्यात ब्रिक्स म्हणतात. आमच्या घरी चहा घेतला तरी एक थेंब काचेवर. "वैनी, बारा ब्रिक्स. सरांना ही साखर झेपायची न्हाई." माणसंही ते याच मापानं मोजतात. कॉलनीच्या अध्यक्षांबद्दल त्यांचं मत एका वाक्याचं आहे: "वजन लई, ब्रिक्स न्हाई."

भिंगारदिव्यांनी लग्न केलं नाही. का, म्हणून माझ्या बायकोनं, सुनंदानं, एकदा विचारलं. "दरसाल म्हनायचो, हंगाम संपला की बघू. गाळप संपायचं, की पुढच्या हंगामाची दुरुस्ती निघायची." आणि ते स्वतःच मोठ्यानं हसले.

आमच्या भागात नळाला पाणी आलं की लोक एकमेकांना फोन करून कळवतात. अशा ठिकाणी या गृहस्थांनी हॉलमधला सोफा काढून तिथे समुद्र ठेवला. काचेची ही लांबलचक टाकी. मीठ पुण्याहून बादल्यांनी यायचं. पाणी आधी गाळायचं, मग खारट करायचं, मग खिशातली दुसरी नळी काढून खारटपणा तपासायचा. "आयुष्यभर गोड मोजलं, सर. आता खारट."

टाकीत नारिंगी माशांची जोडी होती, ते शिफ्ट इंजिनियर. शंखात राहणारा खेकडा हा वॉचमन. काच चाटणाऱ्या गोगलगायी म्हणजे सफाई खातं. बारा महिने जगणारे ते कायम कामगार, उन्हाळ्यात दगावतील असे ते हंगामी.

एका मार्च महिन्यात त्या टाकीतल्या दगडावर एक लाल ठिपका दिसला. पंधरवड्यात त्याचं पान झालं, पानाला फाटे फुटले, फाट्यांना झालर आली. एक दिवस भिंगारदिवे माझ्या फाटकाशी उभे.

"सर, कारखान्यात एक मानूस घुसलाय. टोकन न्हाई, हजेरी न्हाई, भरती कुनी केली ते ठाऊक न्हाई. आन् काम मातर झकास करतोय. मस्टरवर नाव काय लावू?"

मी वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक होतो, म्हणून ते माझ्याकडे आले. गेलो. टाकीसमोर उभा राहिलो आणि मला भिंगारदिव्यांचा हेवा वाटला.

त्याचं कारण सांगतो. नोकरीची सगळी वर्षं मी लाल शेवाळं शिकवली. फळ्यावर रंगीत खडूनं त्यांचं जीवनचक्र काढावं ते मीच, अशी माझी ख्याती होती. पण समुद्रातलं जिवंत लाल शेवाळ मी कधी पाहिलं नव्हतं. कोकणात सहल निघाली, की मला नेमकं परीक्षा विभागात अडकवायचे. कॉलेजात आमच्या कपाटात एक नमुना होता, फॉर्मॅलिनच्या बाटलीत. फॉर्मॅलिनमध्ये रंग उडतो. त्यामुळे बाटलीत उकडलेल्या शेवयांसारखं पांढुरकं काहीतरी लोंबत असायचं. मी बाटली उंच धरून म्हणायचो, "हा लाल रंग बघा." मुलं वहीत 'लाल' असं लिहून घ्यायची.

आणि इथे हे शेवाळ, डाळिंबाच्या दाण्यासारखं लाल, आतून उजळलेलं, पाण्याबरोबर डोलत होतं. कुणाकडे? तर ज्याला शेवाळ आणि शेपू यांतला फरक सांगावा लागतो अशा केमिस्टाकडे. त्यानं ते लावलंही नव्हतं. दगडाबरोबर आलं होतं, आपणहून.

"देवानं समदी जनावरं आदामापुढं आनली," भिंगारदिवे म्हणाले, "म्हनाला, नावं दे. मी हे तुमच्यापुढं आनलंय."

मला नाव माहीत नव्हतं. "माहीत नाही" हे दोन शब्द पुरेसे होते. पण आदामाच्या जागी उभं केल्यावर ते तोंडातून निघेनात. आमच्या बाटलीवर जे लेबल होतं तेच मी वाचल्यासारखं म्हटलं, "ग्रासिलारिया." इतक्या ठामपणे, की क्षणभर माझाही विश्वास बसला.

त्यांनी पुठ्ठ्यावर नाव लिहून टाकीला चिकटवलं. खाली लिहिलं: 'ओळख पटवणार: सर'. एक तुकडा कापून स्टीलच्या वाटीतून मला दिला. "तुमच्या रेकॉर्डला."

तो तुकडा मी घरी नेला. गाजराच्या फोडीत धरून ब्लेडनं त्याचे पातळ काप काढले, मुलांना शिकवायचो तसेच, आणि माझ्या जुन्या मायक्रोस्कोपखाली ठेवले. ग्रासिलारियाचं पोट मोठाल्या पेशींनी गच्च भरलेलं असतं. याच्या पोटात कोळ्याच्या जाळ्यासारखे विरळ धागे होते. पुन्हा काप काढले. पुन्हा धागे. ते ग्रासिलारिया नव्हतं.

मी वाटी धुऊन पालथी घातली आणि गप्प बसलो.

गप्प बसलो, पण जाणं सोडलं नाही. रोज साडेपाचला मी तिकडे असायचो. चुकीचं नाव दिलेल्या वस्तूकडे माणूस जास्तच टक लावून बघतो. हळूहळू कॉलनी लोटली. सुनंदा जायला लागली. "काय लाल आहे हो!" घरी येऊन म्हणायची, "आपल्याकडे असं काही नाही." माझी गच्चीवर अडेनियमची झाडं आहेत, स्वतः कलमं केलेली. तिकडे ती कपडे वाळत घालायला जाते.

मे महिन्यात दुपारी वीज गेली, ती येईना. समुद्र तापायला लागला. भिंगारदिवे घामाघूम होऊन आमच्या दारात.

"सर, बर्फ हाय का? पानी एकतीसवर गेलंय."

"नाही हो," मी म्हणालो. "आजच संपला."

आतून सुनंदाचा आवाज आला, "आहे की! दोन ट्रे भरलेत. तुम्हीच नाही का सकाळी भरले?"

मी म्हणालो, "अरे हो." भिंगारदिवे म्हणाले, "वयानं इसर पडतो, सर," आणि ट्रे घेऊन पळाले. मागोमाग सुनंदाही पळाली. मी खुर्चीत बसून राहिलो. त्या तासाभरात मी काय इच्छा केली ती इथे स्पष्ट लिहितो: ते शेवाळ मरावं. मेलं असतं तर नाव तपासणारं कुणी उरलं नसतं आणि ती लाली माझ्याकडे नाही तशी त्यांच्याकडेही नसती.

ते जगलं. उलट वाढलं.

मग आला सव्वीस जानेवारी. झेंडावंदनानंतर कॉलनीतर्फे माझा सत्कार. दुर्मिळ समुद्री वनस्पतीची ओळख पटवल्याबद्दल. अध्यक्षांनी ग्रासिलारिया म्हणायचा तीनदा प्रयत्न केला आणि शेवटी 'ते लाल' यावर भागवलं. भाषण भिंगारदिव्यांचं. "आमी केमिस्ट लोक," ते म्हणाले, "मोजतो. पन वळख द्यायला सर लागतात." शाल त्यांनीच माझ्या खांद्यावर घातली आणि टाळ्या सगळ्यांत मोठ्यानं वाजवल्या. लोक हसून बघत होते. मी नारळ पोटाशी धरून उभा होतो.

संध्याकाळी मी शाल घडी करून त्यांच्याकडे नेली. ते टाकीची काच पुसत होते.

"भिंगारदिवे, ते ग्रासिलारिया नाही."

"व्हय," ते म्हणाले.

"व्हय म्हणजे?"

"म्हंजे न्हाई. ते ग्रासिलारिया न्हाई."

मी खाली बसलो. "तुम्हाला कधी कळलं?"

"पावसाळ्याच्या आधीच. सर, लॅबचा नियम हाय, सॅम्पल एकाकडं देऊन मोकळं व्हायचं न्हाई. दुसरं तिकडं किनाऱ्यावरच्या एका शेवाळवाल्या बाईंना धाडलं हुतं. त्या म्हनाल्या, तुमच्या सरांचं चुकलंय."

"आणि तरी आज तुम्ही ते भाषण..."

ते काच पुसत राहिले. स्वच्छ झालेली जागाच परत परत पुसत होते.

"तुमी हितं शेजारी ऱ्हायला आला, त्याला लई वर्सं झाली. ह्या हॉलमधी कवा आल्ता?"

मी आठवून पाहिलं. फाटकावरून नमस्कार, दिवाळीला फराळाचं ताट, नाताळला त्यांच्याकडून केक. आत कधीच नाही.

"हे उगवलं, आन् तुमी रोज यायला लागला. वैनी यायल्या. मी दुकानातनं खुर्च्या आनल्या." त्यांनी फडकं पिळलं. "आता तुमाला तोंडावर म्हनलं असतं, सर, तुमचं चुकलं. दुसऱ्या दिवशी आला असता?"

उत्तर आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. खरं सांगायचं तर त्या क्षणीही मला त्यांचा हेवा वाटला. आधी त्या लाल रंगाचा वाटला होता. आता वाटला तो, आपल्या हातात दुसऱ्याची चूक आठ महिने असताना तिला धक्का न लावता राहण्याचा. मला ते आठ मिनिटं जमलं नसतं.

"शाल घ्या," मी म्हणालो.

"ऱ्हाऊ द्या, लोकरीची हाय. मला टोचती." मग खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसले. "आता खरं नाव सांगा. त्या बाईंनी हॅलिमेनिया म्हनलंय. पन पुढचं आडनाव देत न्हाईत."

"देता येणार नाही," मी म्हणालो, आणि त्या टाकीसमोर पहिल्यांदा मला माहीत होतं तेवढंच बोललो. "पोटातले धागे बघता बाईंचं बरोबर वाटतं. पण नेमकी जात कळायला त्याला फळं धरावी लागतात. फळं म्हणजे पानावर आलेले बारीक ठिपके, मोहरीहूनही लहान. ते धरले तर तेव्हा काप काढून बघायचं. उद्या धरतील, वर्षानं धरतील, कधीच धरणारही नाहीत."

"म्हंजे रोज बघावं लागनार?"

"रोज."

"भिंगातनं?"

"भिंगातून. पानन् पान."

भिंगारदिवे टाकीकडे बघत होते. लाल उजेड त्यांच्या चष्म्यावर हलत होता. "एकट्याला जमंल का ते?" त्यांनी विचारलं.

भिंग एकाच डोळ्याला लावतात. शाळेतलं पोरही ते काम एकटं करेल.

"नाही," मी म्हणालो. "दोन माणसं लागतात."

"मग उद्या साडेपाचला नका येऊ," ते म्हणाले. "चारलाच या. चारला उजेड चांगला असतो."

टाकीतला उजेड दिव्यांचा आहे. तो चारला जेवढा असतो तेवढाच साडेपाचला असतो.

"बरं," मी म्हणालो.