पाटीप्रमाणे जेवण

नागपुरात रुग्णांच्या जेवणाला शिस्त कुणी लावली असेल, तर ती मी! चौऱ्याहत्तर सालच्या मे महिन्यापर्यंत तरी माझा तसा ठाम समज होता.

एका दवाखान्यात आहारतज्ज्ञ म्हणून मी नुकतीच लागले होते. तिथे एक डॉक्टर 'हलकं जेवण' लिहीत, दुसरे 'पथ्याचं', तिसरे नुसतंच 'साधं'. स्वयंपाकघरातून मात्र सगळ्यांना एकच पिवळी खिचडी जाई! मी म्हटलं, हे चालायचं नाही. दोष एक, तर त्याला शब्दही एकच! बायकांच्या वॉर्डात प्रत्येक पलंगाला मी पत्र्याची पाटी ठोकली. तिच्यावर दोष, कारण, लक्षण आणि खाली आहार.

मोठ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "शामलाबाई, उन्हाळाभर करून पाहा. जमलं तर नोकरी पक्की. नाही तर खिचडी आहेच!"

पहिली पाटी कुसुमताईंची. या सीताबर्डीवरच्या कापडवाल्यांच्या घरच्या. गुडघ्यांसाठी वजन उतरवायला आल्या होत्या. 'दोष: अतिसेवन. कारण: गोडधोड. लक्षण: वाढलेलं वजन. आहार: कारल्याचा रस, मुगाचं कढण.' भेटायला आलेल्या नणंदेने ती सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशी वाचली.

"काहून हो बाई," कुसुमताई कडाडल्या, "तुमच्या घरचं खाल्लं काय मी?"

दुसरी पाटी खापा गावच्या कौसल्येची. घरी माग चालवणारी बाई, पण टायफॉईडने पार चिपाड झालेली. 'दोष: अल्पसेवन. आहार: तुपातला शिरा, दूध, अंडी.'

जेवण वाटणाऱ्या पार्वतीबाईंना मी बजावलं, "पाटी बघायची, तोंड बघायचं नाही! रोगी गयावया करेल, भांडेल, मी तो नव्हेच म्हणेल. ऐकायचं नाही! आणि वजन ठीक झाल्याशिवाय पाटी उतरवायची नाही!" मी स्वतः रोज स्वयंपाकघरात जाऊन शिऱ्याची चव तपासत असे. वाटीभर तपासल्याशिवाय नीट अंदाज येत नाही.

काही दिवसांनी वजनं घेतली. कारलं पिऊन कुसुमताई वाढल्या होत्या, अन् शिरा खाऊन कौसल्या आणखी वाळली होती! दुसऱ्या कुणाची छाती दडपली असती. मला वाटलं, शास्त्राला ठाऊक नसलेला दोष सापडला! त्याला नाव काय द्यावं याचाही विचार मी करून ठेवला. भर दुपारी मोठ्या बाईंना वॉर्डात घेऊन गेले आणि कूलरसमोरच्या पलंगाकडे हात करून म्हणाले, "हीच ती अल्पसेवनाची रुग्ण!"

पलंगावर कुसुमताई पसरल्या होत्या. हातात शिऱ्याची वाटी!

"या कौसल्या?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"मी इथं हाव जी!" पलीकडच्या भिंतीशी, कुसुमताईंच्या पाटीखाली, कौसल्या कारल्याचा पेला धरून बसली होती. "ऊन काय तापून राहिलं! कूलरखाली आमी पाळीपाळीनं झोपतो. जेवाच्या टायमाले ताईची पाळी रायते."

"अगं, मग हे कडू काहून पीत होतीस?" मीच वऱ्हाडीवर आले.

"मले वाटलं औषध आहे!"

मोठ्या बाईंनी तिला ताबडतोब तिच्या पलंगावर नेऊन पोटभर शिरा वाढायला लावला. तो गरीब जीव घाईघाईने खाताना पाहून मला खरोखर लाज वाटली. नोकरी गेलीच, असं मनात आलं. घेरी आली, आणि मी समोरच्या रिकाम्या पलंगावर कोसळले.

डोळे उघडले तर तोंडाशी कारल्याचा पेला! वर पाटी: अतिसेवन.

"पार्वतीबाई, अहो मी शामला! आहारतज्ज्ञ!"

"तुमीच तं सांगतलं ना बाई, रोगी असाच बोलते म्हणून! प्या!"

मोठ्या बाई पदराआड हसत होत्या. शेवटी म्हणाल्या, "पद्धत पक्की आहे हो! फक्त पाट्या पलंगाला नकोत, माणसाच्या मनगटाला बांधा." नोकरी वाचली! मी आनंदाने उठले, तर त्यांनी मला सरळ वजनकाट्यावर उभं केलं. आकडा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

"रोज शिरा तपासता ना?"

कुसुमताईंना मी दुसरी पाटी करून दिली. त्यांची जुनी माझ्याच मनगटाला आहे. पार्वतीबाई ती उतरवू देत नाहीत.